कारण आणि समर्थन : १९०८ सालचा एक वाद

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला, नवलाख उंबरे)

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते यंदाच्या वादविवाद स्पर्धेचे. विषय होता, 'दहशतवादाची कारणे शोधणे म्हणजे दहशतवादाचे समर्थन करणे होय.' मी प्रतिकूल बाजूने बोलले. सात मिनिटांत गरिबी, बेकारी, अन्याय, शिक्षणाचा अभाव अशी कारणांची माळ ओवली, टाळ्या मिळविल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळविले. व्यासपीठावरून खाली आल्यावर परीक्षक असलेल्या सरांनी एवढेच विचारले, "गरिबी हे कारण असेल, तर तुझ्या गावातून आजवर किती दहशतवादी निघाले?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या गावात गरिबीला तोटा नाही. एका अंगाला भाताची खाचरे आणि दुसऱ्या अंगाला एम.आय.डी.सी.च्या शेडी, खाचर गेले त्याच्या मुलाला शेडीत कंत्राटावर काम, तेही मिळाले तर. तरीही कोणी बॉम्ब केलेला ऐकिवात नाही. म्हणजे माझ्या भाषणातले पहिलेच कारण पांगळे होते आणि बक्षीस मात्र मला मिळाले होते.

दुसरी गोष्ट मला अधिक लागली. या स्पर्धेत आमची दोघींची जोडी होती. माझी जोडीदारीण माझ्यापेक्षा चांगली बोलते. तिची तयारीही पूर्ण झाली होती. आदल्या दिवशी तिने नाव काढून घेतले. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "अगं, कारणं तू सांगितलीस तर तू हुशार ठरशील. मी सांगितली तर लोक आधी माझं आडनाव बघतील." ती मुसलमान आहे. मी तिची समजूत घालायला निघाले होते. पण तिचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणता येईना. अखेर दुसऱ्याच एका मुलीला घेऊन मी स्पर्धेत उतरले.

मी सरांकडे गेले. त्यांनी सांगितले, "हा वाद नवा नाही. १९०८ चे 'केसरी'चे अग्रलेख वाच आणि मग मला सांग, टिळकांनी कारण सांगितले की समर्थन केले." आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. टिळक म्हणजे शेंगांची टरफले आणि गणपती, एवढेच मला ठाऊक. ग्रंथालयात तो जुना खंड मिळाला, त्याचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला होता. पुढे जे लिहिले आहे ते त्या वाचनातून आणि सरांशी झालेल्या भांडणातून आले आहे.

आरंभ मात्र १९०८ पासून करता येत नाही. अकरा वर्षे मागे जावे लागते. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला (हाच कायदा २०२० साली करोनाच्या काळात आपल्याला लागू झाला होता, हे वाचून मी चकित झाले). प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गोरे सोजीर घरांत शिरत, देवघरापर्यंत जात, बायाबापड्यांना तपासणीसाठी बाहेर काढीत, सामान जाळीत. रोग हटवायचा तर घरे तपासणे आणि आजाऱ्यांना वेगळे ठेवणे काही अंशी भाग होते, हेही खरे. परंतु ते ज्या रीतीने झाले त्याने पुणे धुमसू लागले. २२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तेथेच मेला, रँड ३ जुलैला.

लगेच वाद सुरू झाला. हे का घडले? सरकारचे आणि अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांचे उत्तर तयार होते : मराठी पत्रांनी चिथावले म्हणून. १५ जूनच्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तान्त आला होता, त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. आठवड्याने रँडवर गोळी झाडली गेली. तेव्हा या दोन्ही गोष्टींचा धागा जोडला गेला. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटला न चालवताच डांबून ठेवले. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप तेथे जाहीरपणे मांडला. परत आल्यावर पुरावा देता येईना, पत्रे लिहिणाऱ्यांची नावेही त्यांनी सांगितली नाहीत. शेवटी त्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल गोखल्यांची पुष्कळ निंदा झाली. मला मात्र ती वाचताना त्यांच्याविषयी आदर वाटला. कारण सांगायचे तर ते शाबीत करता आले पाहिजे, हा धडा त्यांनी स्वतःच्या अब्रूची किंमत देऊन शिकवला. माझ्या सात मिनिटांच्या भाषणात एकाही कारणाला पुरावा नव्हता.

पुण्याचे लोक म्हणत, कारण प्लेगचा जुलूम. सरकार म्हणे, कारण 'केसरी'. खुद्द मारणारा काय म्हणत होता? दामोदर हरी चापेकर हा चिंचवडच्या कीर्तनकाराचा मुलगा. म्हणजे आपल्या मावळच्या उंबरठ्यावरचाच. त्याने तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. त्यात प्लेगचा राग आहेच. पण त्याच्या जोडीला सुधारकांचा तिरस्कार आहे, धर्म बुडाल्याची चीड आहे, कवायती, आखाडे आणि सैनिक होण्याची अपुरी राहिलेली हौस आहे. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा उद्योग त्याने प्लेग पुण्यात येण्यापूर्वीच केला होता. म्हणजे बाहेरच्यांनी काढलेली दोन्ही कारणे अपुरी होती. दामोदरला एप्रिल १८९८ मध्ये आणि त्याचे भाऊ बाळकृष्ण व वासुदेव यांना त्यांचा सोबती महादेव रानडे याच्यासह मे १८९९ मध्ये फाशी झाली. एका घरातले तिघे सख्खे भाऊ गेले. चिंचवडला चापेकरांचे स्मारक आहे. तेथून कित्येकदा एस.टी.ने गेले आहे, पण ही सारी हकिगत मला माहीत नव्हती.

आता १९०८. ३० एप्रिलला बिहारात मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी एका बग्गीवर बॉम्ब फेकला. मारायचे होते किंग्जफोर्ड या न्यायाधीशाला. मेल्या केनेडी नावाच्या आई आणि मुलगी. चाकीने पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदिरामला ११ ऑगस्टला फाशी झाली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मी एकोणीस वर्षांची आहे. खुदिरामचे नाव मला शाळेपासून माहीत होते. त्या दोघी मायलेकींचे मात्र आडनावसुद्धा या वाचनापूर्वी माहीत नव्हते. यात दोष कोणाचा हे मी सांगू शकत नाही, पण ही गोष्ट येथे नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही.

या घटनेवर टिळकांनी 'केसरी'त लागोपाठ लिहिले. त्यांतील दोन लेखांवर पुढे शिक्षा झाली : १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. मधल्या काळात, ८ जून रोजी, सरकारने एकाच दिवशी दोन कायदे केले. एक स्फोटक द्रव्यांचा आणि दुसरा वृत्तपत्रांचा. एक बॉम्ब करणाऱ्यासाठी, दुसरा बॉम्बवर लिहिणाऱ्यासाठी. दुसऱ्याच दिवशी टिळकांचा लेख आला, हे उपाय टिकाऊ नाहीत म्हणून.

टिळकांचे म्हणणे माझ्या शब्दांत सांगते. जे घडले ते वाईट घडले, याविषयी त्यांना शंका नाही. पण माथेफिरूंचे कृत्य म्हणून ते सोडून देता येणार नाही, असे ते म्हणतात. बंगालची फाळणी लोकांच्या विरोधाला न जुमानता झाली. अर्ज, विनंत्या, सभा, सारे व्यर्थ गेले. राज्यकर्ते बेपर्वा झाले की काही तरुणांचा तोल जातोच. पुढे ते बॉम्बची तुलना बंदुकीशी करतात. बंदुका सरकारला काढून घेता येतात, कारखान्यावर पहारा बसविता येतो. पण बॉम्ब ही वस्तूपेक्षा विद्या अधिक आहे आणि विद्येवर जप्ती बसत नाही. म्हणून दडपशाहीने बॉम्ब थांबणार नाहीत; राजकीय हक्क द्या, म्हणजे त्यांचे मूळ खुंटेल.

हे समर्थन आहे काय? पहिल्या वाचनात मी सरांना ठासून सांगितले, "मुळीच नाही." दुसऱ्या वाचनात मी थोडी अडखळले. लेखात निषेध आहे; परंतु बॉम्बच्या सामर्थ्याचे वर्णन करताना लेखणीला जो उत्साह चढतो तो निषेध करताना चढत नाही. सरकारला इशारा देणारा माणूस कधी कधी त्या इशाऱ्याच्या जोरावर रेलून उभा राहतो, तसे काहीसे मला वाटले. लोकमान्यांविषयी असे लिहिण्याचा माझा अधिकार नाही, असे कोणी म्हणेल. पण सरांनी मला वाचायला सांगितले होते; नमस्कार करायला नव्हे.

असो. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १३ जुलैपासून हायकोर्टात खटला चालला. न्यायाधीश दावर, गंमत अशी की १८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांचे वकील होते. पंचांत बहुसंख्य युरोपियन. मराठी न जाणणाऱ्यांनी मराठी अग्रलेखांचा न्याय करावयाचा, म्हणून सारा भार सरकारी भाषांतरावर पडला. टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला. एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यांतला बराच वेळ शब्दांसाठी गेला : मूळ मराठी शब्दाचा अर्थ काय, भाषांतरात तो किती तिखट झाला. आपण लिहिले तशा चर्चा इतर पत्रांतही चालल्या आहेत, हे दाखविण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांची चळतच पुढे ठेवली. २२ जुलैला रात्री सात विरुद्ध दोन मतांनी पंचांनी दोषी ठरविले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. काळ्या पाण्याऐवजी पुढे त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्या कामगारांतले किती जण 'केसरी' वाचू शकत असतील, कोण जाणे. माझा पणजा त्या काळी मुंबईत असता, तर त्याला वाचता आला नसता. पण संपावर तो गेला असता असे वाटते.

आपल्या तळेगावचाही या प्रकरणाशी संबंध आहे. विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा तळेगावला होती. विजापूरकरांना त्यांच्या 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखाबद्दल राजद्रोहाची शिक्षा झाली, आणि १९१० साली सरकारने शाळाच बंद केली. दहशतीला उत्तर म्हणून सरकार कोठवर जाते, ते येथे दिसते. मुझफ्फरपूरच्या बग्गीपासून तळेगावच्या फळ्यापर्यंत.

दडपशाहीने बॉम्ब थांबले का? टिळक म्हणाले तसे थांबले नाहीत. गणेश ऊर्फ बाबाराव सावरकरांना कवितांबद्दल जन्मठेप झाली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, जॅक्सनच्या निरोपाचा. हा जॅक्सन संस्कृत-मराठी जाणणारा पंडित. लोकांशी मिळून-मिसळून वागणारा. जुलमी म्हणून मारावा असा तो रँड नव्हता, आणि तरी मेला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात फासावर गेले.

मग हक्क दिल्याने थांबले का? १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. डिसेंबर १९११ मध्ये बंगालची फाळणीही रद्द झाली. जे कारण टिळकांनी अग्रभागी ठेवले होते तेच गेले. आणि पुढच्याच डिसेंबरात, २३ तारखेला, दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंजवर बॉम्ब पडला. म्हणजे दोन्ही पक्षांची भाकिते अर्धीच खरी ठरली. गोखल्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या; सुधारणांसाठी ते झटले आणि १९१० च्या प्रेस कायद्याला नाइलाजाने का होईना संमतीही दिली. गांधीजींनी त्याच सुमारास तिसरे उत्तर शोधले. १९०९ साली लंडनला क्रांतिकारक तरुणांशी वाद घालून परतताना त्यांनी बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिले, तेही संवादाच्या रूपात. ज्याच्याशी मतभेद आहे त्याला प्रश्न विचारू देत. ही पद्धत मला फार आवडली. आमच्या स्पर्धेत प्रतिपक्षाला प्रश्न विचारायची सोय नव्हती.

येथे कोणी आक्षेप घेईल की चापेकर, खुदिराम, कान्हेरे हे परकी सत्तेविरुद्ध लढले. त्यांची नावे आजच्या दहशतवाद्यांशेजारी का ठेवता? मी दोघांना एका पंक्तीत बसवीत नाही. लोकलच्या डब्यात किंवा बेकरीत बसलेल्या अनोळखी माणसांना मारणे, जितके मरतील तितके बरे असे म्हणून मारणे, ही वेगळीच गोष्ट आहे. माझा विषय घटनेनंतरचा वाद हा आहे. आणि तो वाद जवळजवळ जसाच्या तसा आजही चालतो. १२ मार्च १९९३, ११ जुलै २००६, २६ नोव्हेंबर २००८. प्रत्येक वेळी एक पक्ष म्हणतो, कायदा कडक करा. टाडा झाला, १९९५ साली गेला. पोटा २००२ साली आला, २००४ साली गेला. त्यातल्या पुष्कळ तरतुदी मग यू.ए.पी.ए.मध्ये आल्या. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ शोधा. आणि पहिला पक्ष दुसऱ्याला विचारतो, तू कोणाच्या बाजूचा?

या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो : केले कोणी? पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसे मेली. एका आरोपीला २०१३ साली फाशीची शिक्षा झाली. २०१६ साली हायकोर्टाने स्फोटाच्या आरोपांतून त्याला मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. २००६ च्या लोकल स्फोटांत बारा जणांना २०१५ साली शिक्षा झाल्या. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने सर्वांना निर्दोष सोडले. त्या निकालाला सुप्रीम कोर्टाने काही दिवसांतच स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत मेली त्यांना एकोणीस वर्षांनीही नक्की उत्तर नाही. गुन्हेगारच निश्चित नसेल तर त्याच्या मनातली कारणे आपण कोठून काढणार? दामोदर चापेकराने आत्मवृत्त लिहिले म्हणून निदान त्याचे तरी आपल्याला कळले.

घरी हा विषय निघाला तेव्हा अण्णा खाचरातून नुकतेच आले होते. भातावर करपा पडला होता. मी म्हटले, "अण्णा, करपा आला की तुम्ही आधी काय करता?" ते म्हणाले, "आदी फवारायचं. मंग बघायचं, का आला त्ये. औंदा युरिया जास्त पडला." मी म्हटले, युरिया जास्त पडला असे म्हणणारा करप्याच्या बाजूचा होतो का? ते माझ्याकडे बघतच राहिले. ही उपमा सरांना सांगितली तर ते म्हणाले, "ठीक आहे, पण माणूस म्हणजे करपा नव्हे, त्याला स्वतःचे डोके असते, आणि एकाच बांधावरची शंभर रोपे तशीच असताना हा एकच का बिघडला, हे युरियाने कळत नाही." तेथे माझी उपमा संपली. माणसाने स्वतः केलेली निवड कारणांच्या यादीत विरघळून जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे. ते मला पटले. खुदिरामच्या वयाची लाखो मुले तेव्हा बंगाल-बिहारात होती.

तरीही कारण विचारणे सोडता येत नाही, याला माझ्यापाशी एक घरगुती दाखला आहे. माझे मामा पवन मावळातले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. तो दहशतवाद नव्हता. तो शेतकऱ्यांचा मोर्चा होता आणि दोन्ही शब्द एकत्र उच्चारणेही चूक आहे. पण मामा सांगतात, पुढे कित्येक दिवस भेटेल तो बाहेरचा माणूस एकच विचारी, पहिला दगड कोणी मारला? पाणी कोणाचे, हे फार थोड्यांनी विचारले. दगड मारला असेल तर तो चूकच, असे मामाही म्हणतात. त्यांना दुःख एवढेच, की त्या एका प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय दुसरा प्रश्न मांडूच दिला जात नसे.

लेख पुरा करण्याआधी तो माझ्या त्या जोडीदारणीला वाचायला दिला. 'ती मुसलमान आहे' हे वाक्य ठेवू का, असे विचारले. "ठेव," म्हणाली, "पण नाव नको." मग तिने टिळकांचा तो खंड वाचायला मागितला. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी जाऊन ती पुन्हा मागे आली. विषयाच्या रकान्यात काय लिहितात, असे तिने विचारले. तेथे बसणाऱ्या दादांनी पुस्तकाचे नाव पाहून वहीत 'अग्रलेख' असे लिहिले असते आणि विसरूनही गेले असते, हे मला ठाऊक होते आणि तिलाही. तरी मी तो खंड माझ्या कार्डावर घेतला आणि तिच्याकडे दिला. पंधरा दिवसांनी परत करायचा आहे.